दोन दिस बगतो

आमच्या शेजारच्या ग्यानबाकाकांइतके धडधाकट गुडघे अख्ख्या मुखेड तालुक्यात शोधून सापडायचे नाहीत. आणि तालुक्यात सगळ्यांत जास्त औषधपाणी चालतं ते त्याच गुडघ्यांचं.

कधी बांधावरची निरगुडी वाफवून बांधतात, कधी रुईच्या पानांना एरंडेल लावून शेकतात. बाजारच्या दिवशी जडीबुटीवाल्यापुढं पहिली बैठक काकांची. "लई गुणाचं हाय म्हनतेत. दोन दिस बगतो," हे ठरलेलं. मग धोतर खोचून, गुडघ्यांना पानं बांधून तुरूतुरू शेताला जातात. मी शाळेत मास्तर. त्या चालीची नक्कल मी चहाच्या सुट्टीत करतो, आणि चांगली करतो. हेडमास्तरसुद्धा हसून डोळे पुसतात. हे लिहिताना आज लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

गेल्या बाजारातल्या काळ्या तेलानं काकांचा गुडघा फोडांनी भरला. मी त्यांना मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेलं.

"किती दिवसांपासून दुखतो गुडघा?" डॉक्टरांनी विचारलं.

काका बोलायच्या आत मीच म्हणालो, "दुखत कुठं आहे? हौस आहे त्यांना!" रांगेतली माणसं खो खो हसली. काकाही हसले.

"मग लावलं कशाला, काका?"

"मालकिनीचे गुडघे धरलेत, साहेब. उठाया-बसाया येत न्हाई. तिला लावायच्या आदी माज्यावर बगतो. मागं एकदा बिब्बा लावला, तर उतला. पाय पोळून महिनाभर पडून व्हती बिचारी. तवापासून आदी मी."

"बिब्बा लावा म्हणून सांगितलं कुणी?"

काकांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. "आता ध्यानात न्हाई."

माझ्या ध्यानात होतं. सांगितलं होतं माझ्या आईनं, आणि पुडीत बांधून बिब्बे नेऊन दिले होते मी. वर "गुण येणारच बघा, काकू," असंही म्हणालो होतो. पुढं काकू पडून आहेत एवढं कानावर आलं; कशानं, ते विचारायला मी भिंतीपलीकडं गेलो नाही.

डॉक्टर म्हणाले, "काकूंना उद्या घेऊन या. तपासतो, मग गोळ्या देतो."

काकांनी हात जोडले. "आनतो, साहेब. पन त्या गोळ्या आज मला द्या. दोन दिस बगतो."

रांग पुन्हा हसली. आता मास्तर काय बोलतात म्हणून दोघं-तिघं माझ्याकडं बघत होते. मला मान वर करता येईना.