रिकामे पोट

"कालपासून याच्या पोटात काही गेलं नाही ना?" दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी विचारले.

"कण नाही," बायको ठासून म्हणाली, आणि शेजारी उभा असलेला तिचा मुद्रितशोधक नवरा भिंतीवरची पाटी वाचू लागला.

ढोल्याला आत नेले. ढोल्या म्हणजे त्यांचा कुत्रा. सोफ्यावरून उडी मारताना त्याच्या मागच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले होते. नडगीचे हाड कापून, जरासे फिरवून, त्यावर धातूची पट्टी बसवायची होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हापुन्हा बजावले होते, पोट रिकामे हवे. भुलीत अन्न वर येऊन फुप्फुसात गेले, तर गुडघा राहील बाजूला, कुत्राच हातचा जाईल.

आणि आज सकाळी, बायको आंघोळीला गेलेली असताना, मुद्रितशोधकाने त्याला एक बिस्किट दिले होते. एक म्हणजे, दोन. ढोल्याने पाहिलेच तसे होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाला आता स्वतःची चूक काही केल्या ओठांवर आणता येईना.

"समजा," तो मदतनीस बाईंच्या कानाशी कुजबुजला, "एखाद्या कुत्र्यानं, आमच्या नव्हे, कुठल्याही, चुकून बिस्किट खाल्लं तर?"

"कुत्रा चुकून खात नाही, साहेब. देणारा चुकून देतो."

आत कसलेसे यंत्र घरघरू लागले. क्षणभर त्याला ढोल्याचे रिकामे पांघरूण दिसले, आणि मग काय झाले ते त्याचे त्यालाच कळले नाही. तो दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होता.

"थांबा! भूल देऊ नका! मी त्याला खायला घातलंय!"

बाकावरच्या एका बाईंनी मांडीवरच्या मांजराचे कान झाकले. बायको उठली. आता आपली धडगत नाही, असे त्याला वाटले. पण तीच पांढरीफटक पडली होती.

"किती?"

"दोन बिस्किटं."

"मी अर्धा पाव दिला हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुम्ही दाढी करत होतात तेव्हा."

दार उघडले. "आरडाओरडा नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भूल दिलेलीच नाही. तुमच्या आईंचा आत्ताच फोन आला होता. वाटीभर दूध पाजलंय म्हणाल्या. मुलाला नि सुनेला कळू देऊ नका, म्हणून गयावया करत होत्या. सोमवारी करू ऑपरेशन. पण त्याला रविवारीच इथे आणून सोडा. तुमच्या घरात उपाशी राहणं त्याच्या नशिबात नाही."

घरी आई दारातच उभी होती. ढोल्याला पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"झालं का रे ऑपरेशन?"

"पुढे ढकललं. डॉक्टरांना काम निघालं," तो म्हणाला. बायकोने जोरजोरात मान हलवली.

"अगं बाई! म्हणजे बिचारा सकाळपासून उगाचच उपाशी!"

तिघेही आपापल्या पायांकडे पाहू लागले. ढोल्या तीन पायांवर लंगडत आपल्या वाडग्यापाशी गेला आणि जन्मात अन्न न पाहिल्यासारखे तोंड करून बसला.

तिघांचे हात एकदमच बिस्किटांच्या डब्याकडे गेले.