पेशींना साखर देण्याबाबत

जंतुविज्ञान संस्थेच्या आवारात साखर आणण्यास, बाळगण्यास व ढवळण्यास सोमवारपासून मनाई करण्यात आली. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काढलेले हे परिपत्रक चांगल्या हेतूचे होते, आणि चांगल्या हेतूच्या परिपत्रकात असते तसे त्यातही अपवादाचे कलम नव्हते. उपाहारगृहातला चहा त्याच दुपारी कडू झाला. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतली साखर जप्त झाली.

ही प्रयोगशाळा जिची, तिला सगळे पेशीबाई म्हणत. जंतू शिरल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा लढतात आणि लढताना कोणते इंधन जाळतात, हा तिचा चार वर्षांचा विषय. शेवटचा एकच प्रयोग उरला होता. काचेच्या बशीत ताज्या पेशी तयार होत्या. शुक्रवारी त्यांच्यात जंतू सोडायचे, शनिवारी मोजायचे आणि महिनाअखेर प्रबंध द्यायचा. पेशींच्या पाण्यात साखर नसली, तर चारही वर्षे त्याच पाण्यात जाणार होती.

पेशीबाई साखर-नियंत्रण समितीच्या सचिवांकडे गेली.

"साखर खाणार कोण?" सचिवांनी अर्ज पुढे ओढला.

"पेशी."

"कायम की कंत्राटी?"

"पांढऱ्या पेशी, साहेब. रक्तातल्या."

"म्हणजे बाहेरच्या." सचिवांनी रकान्यात 'अभ्यागत' असे लिहिले. "अभ्यागतांना आपण बिनसाखरेचंच देतो."

पेशीबाईने खुर्ची पुढे घेतली आणि समजावायला सुरुवात केली. पेशी स्वस्थ असते तेव्हा साखर सावकाश जाळते, थेंबन् थेंब पिळून घेते. जंतू आले की मात्र तिला दम निघत नाही. ती साखर भराभर ओढते, अर्धवट जाळते आणि लढायला उभी राहते.

"फरक किती पडतो?"

"सावकाश जाळली तर एका कणातून तीसेक वाटे ऊर्जा. घाईत जाळली तर दोन."

सचिवांनी पेन खाली ठेवले. "तीसच्या जागी दोन! आणि हे तुम्ही आपण होऊन लेखी देताय?"

"पण ते दोन लगेच मिळतात ना! शिवाय त्या अर्धवट जळलेल्यातूनच पेशी आपली हत्यारं बनवते."

"प्रत्येक उधळ्या माणसाला घाईच झालेली असते, बाई. माझ्या मेव्हण्याला विचारा."

प्रकरण ऊर्जा-बचत उपसमितीकडे वर्ग झाले. तिचे अध्यक्षही सचिवच होते. ते उठले, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले आणि स्वतःचा शेरा वाचून गंभीर झाले. गुरुवारी निर्णय आला. संसर्गाच्या काळातही पेशींनी काटकसरीच्या मार्गानेच ज्वलन करावे, आणि साखरेऐवजी त्यांना उपाहारगृहात वापरतात त्या बिनसाखरेच्या गोड गोळ्या द्याव्यात, असे त्यात म्हटले होते.

"अहो, त्या गोळीत जाळण्यासारखं काहीच नसतं!"

"चव तीच आहे."

"पेशींना जीभ नसते!"

"मग तक्रार कोण करणार?"

शुक्रवारी दोन पंचांसमक्ष गोळ्या विरघळवण्यात आल्या, जंतू सोडण्यात आले आणि उबवण्याच्या कपाटाला मोहोर लागली. शनिवारी ती फोडली, तेव्हा पेशी बशीच्या तळाशी निवांत पडून होत्या. पाहुण्यांना जागा करून द्यावी तशा त्या जंतूंना जागा करून देत होत्या. पेशीबाईने अहवाल लिहिला. पहिल्या पानावर: 'पेशी लढल्या नाहीत. दाहक रसायने शून्य.' दुसऱ्या पानावर: 'जंतू चाळीस पटींनी वाढले. साखर देऊन प्रयोग पुन्हा करणे आवश्यक.'

संचालकांनी पहिले पान वाचले आणि ते चक्क उठून उभे राहिले.

"दाह शून्य! म्हणजे सूज नाही, ताप नाही. बाई, काय केलंत हे!"

"सर, चोर घरात असताना कुत्रा भुंकला नाही, तर त्याला शांतता म्हणत नाहीत. जंतू चाळीसपट—"

"ते दुसऱ्या पानावर आहे. दुसरं पान कोण वाचतं?" त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघा, प्रबंध उद्याच मंजूर करतो. पुन्हा प्रयोगच करायचा म्हणाल, तर कपाट अकरा महिन्यांनी मोकळं होईल. तोवर तुमची मुदत संपलेली असेल. जोडू की दुसरं पान, टाचणी लावून."

चार वर्षे एका पारड्यात आणि एक टाचणी दुसऱ्यात. पेशीबाईने सही केली.

मंगळवारी 'साखर सोडा, ताप विसरा' ही बातमी तिच्या फोटोसह गावभर झाली. टाचणी वाटेत कुठेतरी पडली असावी. गुरुवारी मावशीचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"तीन दिवस अंग तापलंय गं. पण चहातली साखर सोडलीय. डॉक्टरकडे नाही जायचं आता."

"मावशी, तो शोध माझा आहे आणि तो चुकीचा आहे!"

"तू गप्प बस. मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी लावलाय. फोटोसुद्धा आहे त्यांचा."

"मावशी, तो फोटो माझाच आहे!"

"असेल बाई. पण तू काही डॉक्टर नाहीस."

पेशीबाईने मावशीला जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेले. फुप्फुसात जंतूंनी चांगलेच बस्तान बसवले होते. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झाले असते ते मला विचारू नका, असे डॉक्टर म्हणाले. मावशीला सलाईन लागल्यावर पेशीबाई बाहेरच्या बाकावर बसली आणि तिथूनच तिने प्रबंध मागे घेत असल्याचे संस्थेला कळवले. मग सर्वांसाठी एक दुरुस्ती लिहिली. शोध खोटा आहे, चहात साखर घ्या वा सोडा, त्याने जंतू मरत नाहीत, पेशी रक्तातल्या साखरेवर लढतात आणि ताप अंगावर काढू नका, असे सगळे तिने नीट समजावून लिहिले. नीट समजावायचे म्हणजे मजकूर जरा लांबतोच.

ती दुरुस्ती तुमच्याही मोबाइलवर आली होती. बातमी तुम्ही हात जोडलेल्या चित्रासकट नऊ जणांना पाठवली होती, ती आली त्याच संध्याकाळी. दुरुस्तीच्या चौथ्या ओळीखाली निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा' असे होते.