रिफअत मास्तरांच्या सहा रेघा

"सहा रेघा आणि त्यांच्यावर चार आकडे! एवढंच ना? दुपारच्या चहाआधी शिकून टाकतो!"

रिफअत मास्तरांनी ही घोषणा वाद्यांच्या दुकानात उभं राहून केली. अलेक्झांड्रियाच्या इब्राहिमिया भागात मास्तरांना न ओळखणारं कुणी नव्हतं. उभी हयात त्यांनी शाळेत अरबी सुलेखन शिकवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून ते गल्लीला शिकवू लागले. न्हाव्याची पाटी असो की टुकटुक रिक्षाच्या पाठीवरचं नाव, मास्तर थांबणार, मान हलवणार आणि चूक दाखवणार!

कहर झाला तो तांता गावी, मेव्हणीच्या नातवाच्या वाढदिवशी. केकवर क्रीमने काढलेलं पोराचं नाव मास्तरांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी चमचा घेऊन एक अक्षर खरवडलं, नव्याने काढलं, ते शेजारच्याशी जुळेना म्हणून शेजारचंही खरवडलं. मेणबत्त्या विझवायच्या वेळी केक कमी आणि सुधारणाच जास्त उरल्या होत्या! पोराने भोकाड पसरलं. मास्तरांच्या बायकोने, इन्शिराहबाईंनी, त्यांना जिन्यात गाठलं. मुलाच्या नावावरून त्या मास्तरांना अबू तामेर, म्हणजे तामेरचे वडील, म्हणायच्या.

"अबू तामेर, जगाला शिकवलंत. स्वतः कधी काही शिकलात का हो?"

"मी? मला काय शिकायचं राहिलंय?"

"झालं! तुम्ही एकटेच घरी जा. एक नवी गोष्ट शिका. कुठलीही! मग मला न्यायला या. तोवर मी बहिणीकडे."

मास्तर एकटे परतले. पाव आणि चीज खाऊन राहिले. घरात भांडं वाजेना, रेडिओ लागेना, कुणी रागावेना. एका सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि त्यांना चक्क रडू आलं. बायको नसेल तर ह्या घरात आपल्याला एक दिवसही राहायचं नाही, एवढं त्यांना त्या खारट चहाने पटवलं.

मुलगा तामेर कुवेतला जाताना गिटार कपाटावर टाकून गेला होता. मास्तरांनी ठरवलं, हीच शिकायची! आणि शिकायची तर लग्नातल्या वरातीचीच धून. इन्शिराह नवरी होऊन ह्याच इमारतीचा जिना चढली तेव्हा ती वाजत होती, आणि अजूनही वांगी तळताना ती गुणगुणायची.

दुकानातल्या मिरेतने त्यांना ती धून हाताने लिहून दिली. "बघा मास्तर, सहा रेघा म्हणजे सहा तारा. आकडा म्हणजे त्या तारेवर कितवा पडदा दाबायचा. शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. आणि मग आपण वाचतो तसं वाचत जायचं. फक्त एक गोष्ट..."

"पोरी, वाचणं तू मला शिकवणार?" मास्तर हसले आणि कागदाची गुंडाळी करून निघालेसुद्धा. ती एक गोष्ट मिरेतच्या ओठांवरच राहिली.

घरी येऊन मास्तर बाल्कनीत बसले. कागद मांडला. ओळ उजवीकडून सुरू होते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. अरबी अक्षर ओळखू लागल्यापासून ती उजवीकडूनच सुरू होत आली होती! डाव्या टोकाला सहा इंग्रजी अक्षरं एकाखाली एक उभी होती. पोरीने सही केली असेल, एकंदर वळण बरं नाही, असं म्हणून मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

टँऽऽग. बराच वेळ शांतता. टुँऽऽग. पुन्हा शांतता. मग "आई गं!" कारण तार बोटात रुतली होती.

धून ओळखीची वाटत नव्हती. पण नवं शिकताना सुरुवातीला सगळंच अनोळखी वाटतं, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. हे ते विद्यार्थ्यांना नेहमी सांगत. विद्यार्थी त्यावर का विश्वास ठेवत नसत, हे आता त्यांना थोडं थोडं कळायला लागलं होतं!

संध्याकाळपर्यंत ओळी सलग वाजायला लागल्या. वरातीची ती उड्या मारणारी धून शेपटाकडून डोक्याकडे निघाली होती आणि तीही गोगलगायीच्या चालीने. घरात कुणीतरी गेलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं असा तो आवाज होता.

खालच्या मजल्यावर हजला जाऊन आलेल्या शेजारीण हाज्जा झीनात भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मास्तर तांताहून एकटे आले. बाईंचा पत्ता नाही. आणि आता हे असलं काळीज पिळवटणारं वाजवणं! हाज्जांनी दोनात दोन मिळवून काय ते ओळखलं आणि डोळ्यांना ओढणी लावली.

मास्तरांनी पावासाठी दोरीला टोपली बांधून खाली सोडली, ती वर आली तेव्हा पावाबरोबर हाज्जांनी ठेवलेलं कॉफीचं भांडंही होतं. घोट घेतला तर कडूजहर! दुखवट्याच्या घरी बिनसाखरेची कॉफी पाठवतात हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. पण आपली सगळी माणसं धडधाकट असताना तो विचार डोक्यात येईलच कशाला? "हाज्जांना मधुमेह आहे ना, साखर विसरल्या असतील," असं म्हणत त्यांनी आत जाऊन दोन चमचे साखर घातली.

थोड्या वेळाने इमारतीचा राखणदार बखीत वर आला. पगडी काढून दारातच उभा राहिला.

"मास्तर... बाई गेल्या म्हणायच्या."

"गेल्या रे बखीत. चूक माझीच होती."

"असं मनाला लावून घेऊ नका. देवाची मर्जी."

"देवाचा काय संबंध? तांताला गेली, बहिणीच्या घरी. पण तू काळजी करू नकोस. परत आणतो मी तिला!"

बखीतने उंबरठ्यावरचं पाऊल मागे घेतलं. "परत... आणणार?"

"आणणार म्हणजे आणणार! हे एवढं जमू दे," आणि मास्तरांनी गिटार उंच धरली.

बखीत एका वेळी दोन पायऱ्या उतरत खाली पोचला. "हाज्जा, मास्तरांचं डोकं फिरलंय! त्यांना एकटं सोडून चालणार नाही! दुखवट्याला बसायचं आपणच बघू या, दारात खुर्च्या मांडू."

हाज्जांनी लगेच तांताला फोन लावला. इन्शिराहबाईंच्या बहिणीने तो उचलला. "काय गं झालं हे!" एवढं म्हणताच हाज्जांना हुंदका आवरेना. "रिफअत मास्तरांकडे... बघवत नाही गं... खुर्च्या मागवल्यात..." आणि त्यांनी फोन ठेवला. बहिणीने जे ऐकलं त्यातून एकच अर्थ निघत होता. तिने तो इन्शिराहबाईंना सांगितला, आणि इन्शिराहबाईंनी काळा झगा चढवून स्टेशन गाठलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी बाल्कनीतून पाहिलं तर खाली दारासमोर खुर्च्यांच्या रांगा! माणसं मान खाली घालून बसलेली, बखीत कॉफीचा ट्रे फिरवतोय.

"अरेरे! इमारतीतलं कुणीतरी गेलं वाटतं," मास्तर हळहळले. कोट चढवून तडक खाली उतरले.

ते दिसताच सगळे उभे राहिले. एकेकाने मिठी मारली. मास्तरांना पहिल्या खुर्चीत बसवलं. आपल्या वयाला अजून मान आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं. कोण गेलं हे मात्र कळेना! विचारावं, तर इतका वेळ गंभीर चेहऱ्याने हात मिळवल्यावर "गेलं कोण?" असं विचारायचं तरी कसं? शिवाय कुणाला काही विचारायची मास्तरांना सवयच नव्हती.

"फार भली होती," शेजारचा औषधवाला म्हणाला.

होती! म्हणजे बाई. मास्तरांनी मनातल्या मनात एकेक मजला तपासला. "भली म्हणजे काय, फारच भली," ते म्हणाले.

"तुमच्यासारखा धीर कुणी दाखवला नसता."

"सवय होते," मास्तर म्हणाले. औषधवाल्याने त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आक्रोश झाला. "अबू तामेऽऽर!" काळा झगा, विस्कटलेले केस, हातात पिशवी. इन्शिराहबाई धावत येत होत्या!

बखीतच्या हातातला ट्रे पडला. मागची रांग खुर्च्यांसकट उलटली. औषधवाला टेबलाखाली गेला.

इन्शिराहबाईंनी खुर्च्या, जमलेली माणसं आणि पहिल्या खुर्चीत कॉफी पीत बसलेले मास्तर पाहिले. "तुम्ही जिवंत आहात?"

"म्हणजे काय? इन्शिराह, बरी आलीस. हळूच सांग, कोण गेलं गं?"

"तुम्ही!"

"मी?"

"अगं, ते नाही, तू!" वरून हाज्जा ओरडल्या.

मग जो गलका उडाला त्यातून एकेक गोष्ट बाहेर यायला बराच वेळ लागला. इन्शिराहबाई मास्तरांचा दंड घट्ट धरून रडत होत्या आणि हसतही होत्या. शेवटी हाज्जा खाली आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, दोन दिवस तुम्ही मयताचं वाजवताय. आम्ही समजायचं तरी काय?"

"मयताचं? हाज्जा, ती वरातीची धून आहे! हिच्यासाठी शिकत होतो!"

बखीतने गिटार आणि कागद आणला. मास्तरांनी कागद पुढे ठेवून उजव्या टोकावर बोट टेकवलं. इन्शिराहबाईंनी आयुष्यभर परदेशी नमुने बघून लोकरीची नक्षी विणली होती. त्यांनी कागदावर एक नजर टाकली.

"अहो, हे डावीकडून वाचायचं असतं."

मास्तरांनी तोंड उघडलं. आता दुरुस्ती येणार हे गल्लीने ओळखलं. पण मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. प्रवासाने दमलेला, रडून सुजलेला तो चेहरा त्यांनी पाहिला आणि हयातीत पहिल्यांदा ते म्हणाले, "असं होय? दाखव बरं."

इन्शिराहबाईंनी त्यांचं बोट धरून डावीकडे नेलं. अडखळत, ठेचकाळत दोन ओळी वाजल्या आणि औषधवाला टेबलाखालूनच ओरडला, "अरे, ही तर वरात!" हाज्जांनी जीभ हलवत लग्नातला आनंदाचा आवाज काढला. बखीत कॉफीत साखर घालत सुटला.

इन्शिराहबाई पिशवी घेऊन वर गेल्या आणि त्यांनी कपडे पुन्हा कपाटात लावले. संध्याकाळी दोघं बाल्कनीत बसली. मास्तरांनी डावीकडून धून वाजवली. चुकली. पुन्हा वाजवली. जास्तच चुकली. इन्शिराहबाईंनी कौतुकाने, प्रेमाने आणि मोठ्या धीराने ऐकून घेतलं. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"अबू तामेर, रागावू नका, पण मयताचीच वाजवा. ती निदान तुम्हाला येते!"