तपकिरी फुलपाखराचा पाय

पोखर्णीत फुलपाखरांतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं गोठ्यामागच्या गवतात बसून शिकले. तिथलं एक तपकिरी फुलपाखरू दोन वर्षं पाहत होते. भादव्यातल्याच्या पंखांवर गोल ठिपक्यांचे डोळे, माघातलं निव्वळ वाळलेलं पान. ह्या दोन जाती, अशी माझी खात्री.

आमची लेक ज्ञानेश्वरी बेंगळुरूला हेच काम करते. फुलपाखराचा एक पाय घ्यायचा, त्यातला डीएनए वाचायचा अन् कोण कोणाचं ते ठरवायचं. जुन्या पुस्तकांतल्या कैक जाती त्यांनी एकत्र केल्या, कैक वेगळ्या काढल्या. घरी मात्र ती तीन वर्षं आली नाही.

"दोन जाती निघाल्या तर नमुने गोळा करायला मीच येईन," ती फोनवर म्हणाली. मी त्याच दिवशी पुरणाची डाळ निवडून ठेवली.

मेलेल्या फुलपाखरांचे पाय पुड्या बांधून पाठवले. पंधरा दिवसांनी फोन.

"आई, पाय कशानं उचलले?"

"बोटानं. तीळ उचलतो तसं, जिभेला लावून."

"तरीच. डीएनए माणसाचा निघालाय. चूक पकडायला इथं काम करणाऱ्या आमचाबी नोंदवलेला असतो, तर निम्मा माझ्याशी जुळला. सगळे विचारायलेत, फुलपाखरू तुझं कोण लागतं."

आमचे हे शेजारीच बसलेले. "तरीच ही घरात ठरत न्हाई," म्हणाले आणि पारावर गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की माझ्या अंगात फुलपाखरू निघालं. गल्लीतल्या सुमनबाई अंगारा घेऊन आल्या.

"खायला काय मागतंय वो ते?"

"पुरणपोळी," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी मी पाय उचलले ते उकळलेल्या चिमट्यानं. श्वाससुद्धा रोखून धरला. पुन्हा फोन.

"आई, दोन्ही एकच हायत गं. पावसाळ्यात डोळे येतात, कोरड्यात जातात."

"थोडीबी वेगळी न्हाईत?"

"न्हाईत."

"पोटजात तरी?"

"न्हाई, आई."

"मग तुझं यायचं?"



"सध्या कामाशिवाय निघता येत न्हाई गं. दुसरं काही सापडलं तर पाठव. बघून लगेच फोन करते."

हल्ली मी विहिरीवर मेलेले चतुर गोळा करते. चतुर म्हणजे फुलपाखरू नव्हे, एवढं मला कळतं. पण पाय त्यालाही सहा असतात, आणि मी एका वेळी एकच पाठवते.