पिशवीची मयत

पृथ्वीचं वाढतं तापमान रोखण्याची जबाबदारी ओफोसुक्रोमच्या विद्यापीठाने आपल्या शिरावर घेतली होती, आणि तिथून उतरवून ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत ठेवली होती. दारावर 'हवामान जागृती कक्ष' अशी पाटी. आत डॉ. यॉ बेडियाको, त्यांची सहायक अडोमा आणि बंद पंखा.

कक्षाने आजवर सायकल फेरी काढली, झाडं लावली, 'तापमान आणि आपण' ही व्याख्यानमालाही घेतली. गावातून कोणी फिरकलं नाही. विद्यार्थी येत, पण तेही जेवणाचा वास सुटल्यावर. शेवटी कुलसचिव कार्यालयातल्या मिसेस क्वायसन यांचा निरोप आला. पुढच्या कार्यक्रमाला त्या जातीने येणार होत्या. गावकरी दिसले तर कक्ष राहील, नाहीतर खोलीत झेरॉक्सची यंत्रं येतील.

बेडियाकोंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "अडोमा, या गावातले लोक न चुकता कुठे जातात?"

"मयतीला."

"मग आपण मयत करू."

"कोणाची, प्रोफ?"

"पाण्याच्या पिशवीची."

अडोमाने पंख्याकडे पाहिलं. उकाड्याने माणसाचं असं होतं हे तिला माहीत होतं. पण बेडियाको गंभीर होते. दाताने कोपरा तोडायचा, पाणी चोखायचं, पिशवी सोडून द्यायची. गटारात तीच, शेतात तीच, शेळीच्या पोटातही तीच. तिला वाजतगाजत निरोप दिला, तर गाव येईल, ऐकेल आणि सुधारेल.

गावातल्या भिंतींवर मयतीचे लागतात तसेच लाल-काळे फलक लागले. फोटोच्या जागी काळी चौकट. खाली लिहिलं होतं: 'जिने घरोघरी तहान भागवली, तिला शनिवारी अखेरचा निरोप. विद्यापीठाचं मैदान.'

"नाव नाही घातलं," अडोमा म्हणाली.

"मुद्दाम नाही घातलं. माणसाचे पाय कुतूहलाने उचलतात."

विद्यार्थ्यांनी गटारं उपसली आणि अडोमाने आणलेल्या शवपेटीत रिकाम्या पिशव्या काठोकाठ भरल्या. सोमवारी त्या सगळ्या प्लास्टिक वितळवणाऱ्या कारखान्यात जाणार होत्या. मैदानात प्लास्टिकला बंदी. प्यायला मातीचे रांजण आणि भोपळ्याचे वाडगे, तेही कक्षाला सापडले तेवढेच. बेडियाकोंना वाटलं, येऊन येऊन येतील किती?

शनिवारी सकाळी नऊलाच मांडव भरला. लाल-काळी वस्त्रं गुंडाळून गाव आलं होतं. शेजारची दोन गावंही आली होती. बायका पेटीभोवती हंबरडा फोडत होत्या. प्रत्येक नवा माणूस उजवीकडून सुरुवात करून पहिल्या रांगेतल्या सगळ्यांशी हस्तांदोलन करत होता. त्या रांगेत मिसेस क्वायसन काळा चष्मा लावून बसल्या होत्या, आणि त्यांचा हात आता दुखायला लागला होता.

बेडियाको हरखले. पण त्यांना एक गोष्ट खाऊ लागली. कोण गेलं असं या लोकांना वाटतंय? मयतीत तसं विचारणं हा इथे उघड उद्धटपणा. कोणीही विचारलं नव्हतं. त्यामुळे ते आडून आडून चौकशी करत फिरू लागले.

"तुमची चांगली ओळख होती, आंटी?" त्यांनी मासेवाल्या सेचिवाबाईंना विचारलं.

"ओळख काय विचारता, प्रोफ! माझ्या बाळंतपणात तिनेच पाणी पाजलं."

बेडियाको चपापले. हे खरंही असू शकत होतं.

"शाळेसमोर असायची," बाजूचा गृहस्थ म्हणाला. "कधी वर आवाज नाही."

"पोरांनी बघितलं नाही तिच्याकडे," तिसऱ्याने सुस्कारा सोडला. "परदेशात असतात ना सगळी."

"शेवटी काय झालं होतं हो?" सेचिवाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"टाकून दिलं होतं," बेडियाको म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं.

"अरे देवा. कोणी?"

"आपण सगळ्यांनीच."

सेचिवाबाईंनी असा टाहो फोडला की मागच्या मांडवातले ढोलवालेही थांबले.

आता खुलासा करायलाच हवा होता. बेडियाकोंनी माइक हातात घेतला. पुढच्या रांगेतून एक काठी वर आली. काठी नाना ड्वोमोंची, गावातल्या सर्वांत वयोवृद्ध कर्त्या माणसाची.

"पाणी?" नाना म्हणाले.

बेडियाकोंचा हात खाली आला. पाहुण्याला आधी पाणी, मग बोलणं. पाण्याआधी इथे कोणी कोणाला साधी खुशालीही सांगत नाही. तिथे मयतीचा निरोप कसा सांगणार?

वाडगे फिरू लागले. प्रत्येकजण गेलेलीच्या नावाने थेंबभर जमिनीवर सांडे, सावकाश पिई, वाडगा शेजाऱ्याला देई. सूर्य मांडवाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. वाडगे अजून तिसऱ्याच रांगेत होते.

"प्रोफ," नाना म्हणाले, "मागच्या लोकांनी काय पुढच्या मयतीला पाणी प्यायचं?"

"येतंय नाना, येतंय."

"आम्ही तुमच्या दुःखात आलो. तुम्ही आम्हाला उन्हात वाळत घातलंत." नानांनी खांद्यावरचं वस्त्र सावरलं. ते उठले असते तर अख्खा मांडव उठला असता. मिसेस क्वायसन यांनी चष्मा काढला. बेडियाकोंना आपल्या खोलीत झेरॉक्सची यंत्रं दिसू लागली, एकेक, रांगेने.

"प्रोफ," अडोमा कानाशी कुजबुजली, "फाटकाबाहेर पिशव्यांची गाडी उभी आहे."

"पाण्याच्या पिशव्या? या मयतीला?"

"दुसरी मयत कुठाय?"

बेडियाकोंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली.

पाच मिनिटांत गाव तृप्त झालं. शेकडो दातांनी शेकडो कोपरे तोडले, आणि त्या चुरचुर आवाजातच बेडियाकोंनी सांगितलं की आज आपण जिला निरोप द्यायला जमलो आहोत, ती प्रत्येकाच्या हातात आहे.

गाव आपल्या हाताकडे बघू लागलं.

"म्हणजे मेलं कोणीच नाही?" नाना म्हणाले.

"नाही, नाना."

"मग पेटीत काय आहे?"

पेटी उघडली. नाना काठी टेकत गेले आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हे आमच्या गटारातलं दिसतंय."

"हो, नाना."

"हा माझ्या दारातला गाळ. लाल असतो." त्यांनी आणखी थोडा विचार केला. "मग आम्ही पाहुणे कसले? आम्हीच घरचे."

नानांनी आपल्या हातातली रिकामी पिशवी दोन्ही हातांनी पेटीत ठेवली आणि मान झुकवली. एकदा नानांनी केलं म्हणजे प्रश्न मिटला. उजवीकडून सुरुवात करून रांग लागली. प्रत्येकाने आपली पिशवी वाहिली. सेचिवाबाई पुन्हा रडल्या.

"आता कशाला, आंटी?" बेडियाकोंनी राहवेना म्हणून विचारलं.

"एवढी तयारी करून आले, प्रोफ. ती काय परत घरी नेऊ?"

झाकण लागेना. त्यावर दोन धष्टपुष्ट विद्यार्थी बसवावे लागले. पण मैदानात एक पिशवी शोधून सापडली नसती. मिसेस क्वायसन स्वतः मांडवामागे जाऊन पाहून आल्या.

"डॉक्टर, माझा विश्वास बसत नाही," त्या दुखरा हात चोळत म्हणाल्या. "कक्ष राहील. पंख्याचंही बघते."

मांडव उतरेपर्यंत बेडियाको पेटीशेजारी उभे होते. तेवढ्यात हातगाडी घेऊन सुतार आला.

"झालं का? पेटी घेऊन जातो."

"कुठे? ही सोमवारी कारखान्यात जाणार आहे."

सुताराने अडोमाकडे पाहिलं. अडोमाने जमिनीकडे.

"भाड्याची आहे, प्रोफ," ती म्हणाली. "विकत घ्यायला कक्षाकडे कुठे पैसे?"

"उद्या सकाळी शवागारात पोचवायचीय," सुतार म्हणाला. "तिथे खरा माणूस थांबलाय."

विद्यार्थी झाकणावरून उतरले. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेऊन पेटी रिकामी केली, फडक्याने पुसली आणि सुताराला परत दिली.

डिसेंबर महिना होता. या दिवसांत संध्याकाळी उत्तरेकडून वारा सुटतो, आणि गाव विद्यापीठाच्या दक्षिणेला आहे.