साडेबेचाळीस किलो चणाडाळ

आमचे शेजारी भोईटेकाका दारातलं वर्तमानपत्र उचलतात ते शंभर किलोचं वजन उचलल्यासारखं. पाय फाकवून उभे राहतात, श्वास भरून पोट घट्ट करतात, पाठ ताठ ठेवून बूड मागे सारतात आणि "कमर को आराम, कूल्हों को काम!" अशी आरोळी ठोकून तो कागद वर आणतात. त्या आरोळीने हरिशंकरपुरमची आमची अख्खी गल्ली जागी होते.

काकांचा डावा गुडघा कबड्डीत गेला आणि कमरेची चकती लोखंडी कपाट एकट्याने सरकवताना. डॉक्टरांनी बजावलं, "बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही." काकांनी डॉक्टर बदलला. नवाही तेच म्हणाला, तेव्हा काका व्यायामशाळेत जाऊन वजन उचलायची रीत शिकून आले. आता लग्नात पाया पडतानाही तीच रीत, तीच आरोळी. एक आजोबा दचकून आशीर्वादच विसरले.

काकू अर्धांगवायूने दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या. वाचाही गेलेली. मुलगा पुण्याहून सांगतो, उचलायला बाई ठेवा, तुमची कंबर जाईल. काका भडकतात, "बायको आहे माझी, सामान नाही!"

एकदा त्यांच्याबरोबर दाल बाज़ारात गेलो. "साडेबेचाळीस किलो चणाडाळ. न कम, न ज़्यादा." दुकानदार म्हणाला, "बाबूजी, पूरा कट्टा ले लो," अख्खं पोतंच घ्या म्हणे. काका त्याच्यावर उखडले. मी पोत्याला हात लावला तर माझ्यावर.

"हट! ज्या दिवशी मी उचलणं सोडीन ना, त्या दिवशी चौघं येऊन मलाच उचलतील."

ते पोतं काका रोज सकाळी अंगणात दहादा उचलतात. म्हातारपणी हट्ट वाढतो, एवढंच मला वाटलं.

गेल्या रविवारी सकाळी घरच्या अळूवड्या द्यायला गेलो. दार उघडंच होतं. काका पलंगाशी पाय फाकवून उभे, काकूंचा हात त्यांच्या गळ्यात. आज आरोळी नव्हती. काका हळूच म्हणाले, "कमर को आराम, कूल्हों को..."

"का... म," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांना उचललं, तसेच वजनकाट्यावर चढले आणि मला आकडा वाचायला लावला. त्यातून स्वतःचं वजन वजा केलं. मग काकूंना खिडकीतल्या उन्हात खुर्चीवर बसवलं, पायांवर शाल घातली.

"चव्वेचाळीस! जेवायला लागली रे ही," काका डोळे पुसत म्हणाले. "अजून वाढू दे. मैं बैठा हूँ ना!"

मग माझ्याकडे वळून ओरडले, "बघत काय बसलास? स्कूटर काढ. दीड किलो डाळ आणायची आहे."