डॉल्फिनचे कान

आप्पा टाइल विकत घेताना आधी कानाला लावतात. बोटाने दोनदा टकटक करतात, डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात, "बोलती." किंवा, "मुकी हाय, परत ठेवा." यवतच्या दुकानदाराने एकदा वैतागून मला फोन केला, "मॅडम, तुमचा मिस्त्री टाइल घेतोय का पोराला मुलगी बघतोय?" गंमत म्हणजे पसंत पडलेली टाइल आप्पा कामावर आणल्या आणल्या हातोडीने फोडतात.

यवतजवळच्या आमच्या रिसॉर्टची व्यवस्था माझ्याकडे. सकाळी यादी करायची, संध्याकाळपर्यंत खोडायची, हा माझा शिरस्ता. शेठना भर माळावर समुद्रकिनारा हवा होता. नारळ लावले, झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि पोहण्याच्या तलावाच्या तळाशी टाइलच्या तुकड्यांचा डॉल्फिन करायला न्हावऱ्याचे आप्पा आले. दीड महिना माझ्या यादीतली एकच ओळ खोडायची राहत होती : डॉल्फिन.

आप्पांचं घराणं मेंढरंवाल्यांचं. तुकड्यांच्या ढिगाला ते कळप म्हणत, आणि एक निळा तुकडा हरवला तरी शोधायला निघत. तोंड दिवसभर चालू. शेजारच्या माणसाशीसुद्धा या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसं.

"आप्पा, मी इथेच उभी आहे."

"व्हय ताई, दिसताय की!" तेवढ्याच जोरात.

बुधवारी डॉल्फिन पुरा झाला. शेठ कोरड्या तलावात उतरले आणि बघतच राहिले.

"याला कान आहेत."

"दोन हायेत," आप्पा अभिमानाने म्हणाले.

"अहो, डॉल्फिनला असले कान नसतात! मोबाइलवर फोटो दाखवला होता ना?"

"फोटोत त्ये भिजल्यालं हुतं. मेंढरू भिजलं की कान चपटं बसत्यात. आन् कानाबिगर हाक कशी ऐकायची त्यानं?"

"आणि कानाचे तुकडे असे तिरके का बसवलेत?"

"मुद्दाम."

शेठ माझ्याकडे वळले. "रविवारी उद्घाटन आहे. त्याआधी कान निघाले पाहिजेत."

मी लिहिलं : शनिवार सकाळ, कान काढणे.

आप्पांनी थापी धुतली, पिशवीत टाकली. "कान गेलं तर मीबी चाललो. पन आधी पानी भरा. पान्याबिगर कुठला बी मासा मेल्यालाच दिसतो."

पाणी भरणं यादीत शनिवारीच होतं, दुपारी. मी दोन ओळींचा क्रम बदलला आणि शनिवारी सकाळी सातला मोटर चालू केली.

शेठ आले तेव्हा तलाव भरलेला. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात वाऱ्याने पाणी हललं. तिरक्या तुकड्यांवर ऊन पडलं आणि एकेक करून चमकत गेलं.

"हलतायत," शेठ पुटपुटले. मग ओरडलेच, "ओ मॅडम, कान हलवतोय तो!" आणि मोबाइल काढून त्यांनी काठावर चक्क बसकण मारली.

रविवारी पाहुण्यांनी नारळांकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळी गर्दी कानांच्या बाजूच्या काठावर. शेठनी आप्पांना पुढे ओढून फेटा बांधला, टाळ्यांचा कडकडाट झाला.

आप्पा फेट्यासकट गर्दीतून बाहेर आले ते थेट मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोकडे, पारूबाईंकडे. आणि पहिल्यांदाच मी आप्पांना गप्प पाहिलं. नुसते हात चालले होते. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बोट, मग स्वतःच्या फेट्याकडे, मग पाण्याकडे. पारूबाईंना वीस वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्या गर्दीतून काठापर्यंत आल्या आणि वाकून पाण्यात बघितलं. मग स्वतःचा कान धरून हसल्या आणि हातांनी काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात हो?" मी विचारलं.

"म्हन्ती, डावा कान ल्हान झालाय." आप्पांनी मान वाकडी करून निरखलं. "खरं हाय तिचं." मग अगदी हळू आवाजात, "ताई, पानी कवा उपसताय?"

मी यादी काढली. 'कान काढणे' ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं : सोमवार, डावा कान मोठा करणे.